'अंडवृद्धी' या एका शब्दात किती आजार?

सुश्रुतसंहितेत वृद्धीचे, म्हणजे अंडकोशाच्या सुजेचे, सात प्रकार सांगितले आहेत. त्यातली आंत्रवृद्धी म्हणजे आपला अंतर्गळ, अर्थात हर्निया. मूत्रवृद्धीचं वर्णन मात्र हायड्रोसीलशी जुळतं: चालताना पाण्यानं भरलेल्या पखालीसारखी डुचमळणारी सूज. उपायही दिला आहे. शस्त्रानं वेध घ्यायचा, नळीनं पाणी काढायचं, वर पट्टा बांधायचा. निरीक्षण अचूक होतं, नाव मात्र फसवं ठरलं. ते पाणी मूत्र नसतं. वृषणाभोवतीच्या दुपदरी आवरणात पाझरणारा द्रव नीट शोषला गेला नाही की तो तिथं साठतो. 'लघवी तुंबून खाली उतरली' ही समजूत त्या नावातूनच आलेली दिसते.

पुढं बोलीत हे भेद पुसले गेले. पुण्याच्या पेठांमधल्या तालमींत 'लंगोट कसला नाही की अंड उतरतं' असं सांगत. त्यात हर्निया आणि हायड्रोसील एकाच वाक्यात बसायचे. भिकबाळीबद्दलही असंच झालं. ग्रंथात कानाजवळचा वेध आंत्रवृद्धीसाठी सांगितला आहे. लोकांच्या तोंडी कान टोचणं कुठल्याही अंडवृद्धीवरचा उपाय होऊन बसलं.

सरकारी भाषेनं या गोंधळात भर घातली. हत्तीरोगाच्या मोहिमेत हायड्रोसीलला 'अंडवृद्धी' म्हटलं जातं. हत्तीरोग जास्त असलेल्या विदर्भापुरतं ते समजू शकतं. क्युलेक्स डासामार्फत शरीरात शिरलेले कृमी लसीकावाहिन्यांत (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांत) राहतात आणि पुरुषांत त्याचा परिणाम अनेकदा हायड्रोसील म्हणूनच दिसतो. या कृमीची पिल्लं 1863 मध्ये पॅरिसमध्ये सापडली, तीही हायड्रोसीलच्या पाण्यातच. भारताचा हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 चा. दूरीकरणाची मुदत आधी 2015 होती, ती सरकत आता 2027 वर आली आहे. वर्षातून एकदा घरोघरी गोळ्या देणं हा या मोहिमेचा कणा; नागपूर जिल्ह्यात 2019 पासून दोनऐवजी तीन औषधं एकत्र दिली गेली. गोळ्या संसर्ग थांबवतात, साठलेलं पाणी मात्र बहुधा शस्त्रक्रियेनंच जातं.

पुण्यात चित्र वेगळं आहे. चाकण-हिंजवडीत कामाला आलेल्या विदर्भ-बिहारच्या माणसाला हत्तीरोगाचा प्रश्न विचारायलाच हवा. पण इथल्या बहुतेक प्रौढांत कारण सापडत नाही, किंवा मार, जंतुसंसर्ग, आधीची शस्त्रक्रिया असं काही निघतं. तान्ह्या बाळांत पोटातून खाली येणारी वाट पूर्ण बुजलेली नसते. ती बहुधा पहिल्या एक-दोन वर्षांत बुजते, म्हणून घाई करत नाहीत. सकाळी लहान, संध्याकाळी मोठी अशी सूज असेल तर वाट उघडी आहे असं समजायचं.

माझा आक्षेप 'अंडवृद्धी' या शब्दावर आहे, कारण त्यानं माणूस निर्धास्त होतो. 'आजोबांनाही होती' म्हणत वर्षं काढतो. न दुखणारी, हळूहळू वाढणारी, टॉर्च लावल्यावर लालसर उजळणारी सूज सहसा निरुपद्रवी असते. पण बाळाचा हर्नियाही कधीकधी तसाच उजळतो, त्यामुळं घरच्या टॉर्चवर विसंबू नये. अचानक जोराची कळ आली आणि सोबत उलटी झाली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. तिथं साधारण सहा तासांचाच अवधी असतो, तेव्हा रात्र असली तरी निघायचं. ताप, लाली, मार लागल्यावर आलेली सूज, खोकताना वाढणारी किंवा आत न जाणारी दुखरी गाठ, यांसाठीही त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

पंधरा ते चाळीस या वयात नव्यानं आलेल्या पाण्यामागं वृषणाची गाठ दडलेली असू शकते. ती बहुधा दुखत नाही, आणि पाणी जास्त असेल तर हाताला लागतही नाही. म्हणून आधी सोनोग्राफी. 'सुईनं पाणी काढून टाका' हा सोपा वाटणारा मार्ग इथं धोक्याचा आहे: आत कर्करोग असेल तर तो सुईच्या वाटेनं पसरू शकतो, आणि नसला तरी पाणी बहुतेकदा परत भरतं.