दाखला आधी, तार मागाहून: गावच्या ऑनलाइन कारभाराची पार्श्वभूमी

१९९८ साली वारणानगरच्या साखर कारखान्याभोवतीची, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावं संगणकाने जोडायचं ठरलं. केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाने विषय पुढे आणला, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने यंत्रणा बसवली, खर्च केंद्र, राज्य आणि वारणा समूहाने वाटून घेतला. कागदावर तिच्यात सगळं होतं: शेतीसल्ला, बाजारभाव, जमिनीचे उतारे. शेतकरी मात्र गावच्या संगणक केंद्रात यायचा तो उसासाठी. तोडणीची चिठ्ठी निघाली का, काट्यावर वजन किती भरलं, खत किती उचललं, बिल कधी जमा होणार, एवढंच त्याला हवं असायचं. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरमधल्या संशोधकांनी काही गावांत संगणक बाजूला ठेवून तीच माहिती साध्या मोबाईलवर, एसएमएसने दिली. काम भागलं.

हा प्रयोग ‘फसला’ म्हणून मोडीत काढण्याची पद्धत आहे. मला ते पटत नाही. जेवढा भाग कारखान्याच्या रोजच्या गरजेचा होता तेवढा वर्षानुवर्षं चालला, कारण तो बंद पडला तर कारखान्याचंच अडायचं. पुढच्या सरकारी योजनांना, बंद पडल्यावर ज्याचं असं अडेल, असं कुणी मिळालं नाही.

मधल्या काळात तहसील कचेऱ्यांत सेतू केंद्रं आली. २००६ च्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेतून महा ई-सेवा केंद्रं आली. ग्रामपंचायतीच्या कचेरीत संगणक पोचला तो २०११ मध्ये ‘संग्राम’ म्हणजे संगणकीय ग्रामीण महाराष्ट्र या योजनेतून. काम महाऑनलाइनकडे होतं. राज्य सरकार आणि टीसीएस यांची ही संयुक्त कंपनी. संगणक, प्रिंटर आणि ते चालवणारा परिचालक अशी रचना होती. पैसा तेराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे मुळात ग्रामपंचायतीच्याच वाट्याचा.

परिचालक हा या सगळ्या इतिहासातला सर्वांत दुर्लक्षित माणूस. गावातलाच बारावी नाहीतर पदवी झालेला मुलगा किंवा मुलगी. बसायचं ग्रामपंचायतीत, ऐकायचं ग्रामसेवकाचं, नेमणूक कंपनीची. नमुना १ ते ३३, म्हणजे ग्रामपंचायतीच्या हिशेबाचे आणि नोंदींचे ठरलेले तक्ते, भरायचे, जन्म-मृत्यूचे दाखले काढायचे, घरकुलाच्या नोंदी करायच्या, वर आणखी कुठल्याशा सर्वेक्षणाची यादी तालुक्याहून आली की तीही भरायची. २०१६ पासून संग्रामची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रा’ने घेतली आणि कंत्राट केंद्र सरकारच्या सीएससी (कॉमन सर्व्हिस सेंटर) कंपनीकडे गेलं. ग्रामपंचायतीच्या निधीतून एका केंद्रापोटी महिन्याला १२,३३१ रुपये जायचे. त्यातले परिचालकाच्या हातात सुरुवातीला ६ हजार पडत. तेही वेळेवर मिळतील याची खात्री नव्हती. आझाद मैदानावर आणि नागपूरच्या अधिवेशनावर परिचालकांचे मोर्चे वारंवार निघाले, मागणी साधी होती: आम्हाला ग्रामपंचायतीचे कर्मचारी म्हणा. सरपंचांचीही तक्रार होतीच, की पैसे आमचे आणि ठरवणार दुसरेच.

मग तार? ज्या २०११ मध्ये संग्राम सुरू झाली, त्याच वर्षी ऑक्टोबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मान्यता दिली. अडीच लाख ग्रामपंचायती, प्रत्येकीला १०० एमबीपीएस, खर्च सुमारे २० हजार कोटी. पैसा दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून जमणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीतून यायचा होता. त्यासाठी २०१२ मध्ये बीबीएनएल (भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड) ही स्वतंत्र कंपनी निघाली. ठरलेली मुदत हुकली. पहिल्या लाखभर ग्रामपंचायतींचा टप्पा पुरा झाल्याचं जाहीर व्हायला २०१७ चा डिसेंबर उजाडला. इकडे महाराष्ट्रात २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा येऊन बसला होता. विवाह नोंदणी, घरपट्टीच्या आकारणीचा म्हणजे नमुना ८ चा उतारा, येणे बाकी नसल्याचा दाखला हे सगळं ठरल्या मुदतीत द्यायचं झालं. हक्क कायद्याने दिला, केबल अजून तालुक्यातच. तोवर परिचालक डोंगल घेऊन रेंज मिळेल तिथे बसायचा, नाहीतर पंचायत समिती गाठायचा.

२०१५ मध्ये जाळ्याचं नाव भारतनेट झालं. दुसऱ्या टप्प्यात महाराष्ट्राने काम स्वतःकडे घेतलं, महाआयटी या आपल्या कंपनीमार्फत, ‘महानेट’ या नावाने. पहिल्या टप्प्याची खोट मात्र आखणीतच होती. तालुक्याच्या एक्स्चेंजपर्यंत बीएसएनएलची जुनी फायबर वापरायची, पुढे ग्रामपंचायतीपर्यंत तेवढी नवी टाकायची, आणि एकाच तारेला फाटे काढून अनेक गावं जोडायची. रस्ता रुंदीकरणात जेसीबीच्या दातात केबल आली की पुढची सगळी गावं एकदम बंद. कचेरीच्या भिंतीवरच्या पेटीत ‘लॉस’चा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, लाल दिवा लुकलुकायला लागतो. वीजच नसली, किंवा बिल थकून मीटर काढून नेला असला, तर लाल दिवाही नाही. अशी ग्रामपंचायतसुद्धा यादीत ‘जोडलेली’च.

मेळघाटातल्या हरिसालचा उल्लेख इथे करावाच लागतो. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने ते देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून पुढे आणलं. २०१९ च्या लोकसभा प्रचारात राज ठाकरेंनी ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्याच गावाच्या जाहिरातीची चिरफाड केली, सत्ताधाऱ्यांनी उलट चित्रफिती दाखवल्या. त्या गदारोळात टेलिमेडिसिनचं म्हणजे दूरच्या डॉक्टरकडून ऑनलाइन तपासणीचं, दुर्गम भागातल्या वाय-फायचं पुढे काय झालं, हा खरा प्रश्न बाजूलाच पडला.

दरम्यान सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि गावातल्या माणसापुरता इंटरनेट स्वस्त झाला. कचेरीचं गणित वेगळं होतं. एप्रिल २०२० मध्ये ई-ग्रामस्वराज पोर्टल आलं, पंधराव्या वित्त आयोगाचा निधी खर्चायचा तर सरपंच आणि ग्रामसेवक दोघांच्या डिजिटल सह्या ऑनलाइन लागू लागल्या. पूर्वी नेट नसलं तर दाखला अडायचा. आता गटाराचं बिलही अडतं. गंमत अशी, की वारणेत जे होतं आणि नंतर कुठेच नव्हतं ते या निमित्ताने आलं: कनेक्शन चालू राहावं असं सरपंचालाच वाटू लागलं.

२०२२ मध्ये बीबीएनएल बीएसएनएलमध्ये विलीन करायचं ठरलं. ऑगस्ट २०२३ मध्ये १ लाख ३९ हजार ५७९ कोटींच्या सुधारित भारतनेटला मंजुरी मिळाली. नव्या आखणीत तार वर्तुळाकार आहे, एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने जोडणी राहावी अशी. देखभाल १० वर्षांची आहे, आणि तिचे पैसे सेवेच्या ठरलेल्या दर्जाशी बांधलेले आहेत.