ई-चलान मान्य नसेल तर न्यायालयात दाद कशी मागावी : पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रे

वाहतूक पोलिसांकडून आलेले ई-चलान म्हणजे शिक्षा नव्हे. तो आपल्यावर ठेवलेला आरोप आहे, आणि तो मान्य करायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार कायद्याने आपल्याला दिला आहे. चलानावरील रक्कम ही मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २०० खालील तडजोड शुल्क असते. ती भरली की प्रकरण मिटते आणि न्यायालयात जाण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र २०१९ च्या दुरुस्तीनंतर असा तडजोड केलेला गुन्हाही पुढच्या वेळी ‘आधीचा गुन्हा’ म्हणून धरला जातो. ज्या उल्लंघनांसाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नाही त्यांना लागू होणाऱ्या कलम १७७ चेच पाहा : पहिल्या वेळी दंड ५०० रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी १५०० रुपयांपर्यंत. म्हणून जी चूक आपण केलेलीच नाही तिचे पैसे केवळ कटकट नको म्हणून भरून टाकू नयेत, असे मला मनापासून वाटते.

दाद मागण्याचा हक्क ज्याच्या नावे चलान आहे त्याला, म्हणजे बहुतेक वेळा वाहनाच्या नोंदणीकृत मालकाला, किंवा रस्त्यावर थांबवून कारवाई झाली असल्यास चालकाला असतो. गाडी विकली पण आरसीवरील (नोंदणी प्रमाणपत्रावरील) नाव बदलले नाही, तर चलान जुन्या मालकाकडेच येत राहते. वाहन त्या वेळी दुसरे कोणी चालवत होते असे सांगायचे असल्यास कलम १३३ नुसार पोलिसांनी मागितल्यावर त्या चालकाचे नाव व पत्ता द्यावा लागतो, हे आधीच लक्षात घ्यावे. मद्यपान करून वाहन चालवल्याच्या प्रकरणात (कलम १८५) तडजोड शुल्काची सोयच नाही. ते प्रकरण न्यायालयातच जाते.

पहिले काम म्हणजे चलानासोबतचा फोटो नीट पाहणे. महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलान संकेतस्थळावर वाहन क्रमांक किंवा चलान क्रमांक टाकून तो उघडता येतो. मात्र व्हॉट्सॲपवर आलेल्या दुव्यावरून किंवा ॲपच्या फाइलवरून तो कधीही उघडू नये. आमच्या घरच्या राखाडी मोटारसायकलीवर एकदा हेल्मेट नसल्याचे चलान आले. फोटो मोठा करून पाहिला तेव्हा त्यात पांढरी स्कूटर होती आणि नंबरप्लेटवर चिखल उडाल्यामुळे ३ हा आकडा ८ सारखा वाचला गेला होता. आरसीवर वाहनाचा प्रकार आणि रंग दोन्ही नोंदलेले असतात. त्या आरसीची प्रत आणि आमच्या गाडीचा मागून काढलेला फोटो तक्रारीला जोडला आणि चलान रद्द झाले, न्यायालयापर्यंत जावेच लागले नाही. कॅमेऱ्याने केलेल्या कारवाईसाठी केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १६७-अ हा नियम आधाराला घ्यावा. त्यानुसार उल्लंघन आणि नंबरप्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, वेगमर्यादेच्या प्रकरणात यंत्राने मोजलेला वेग, तारीख, वेळ, ठिकाण आणि कोणत्या कलमाचा भंग झाला हे चलानात असावे लागते, आणि यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र असावे लागते.

त्यामुळे आधी संकेतस्थळावरील तक्रार विभागात किंवा संबंधित वाहतूक शाखेत लेखी हरकत नोंदवावी व पोच जपून ठेवावी. चलानावर किंवा नोटिशीवर छापलेली मुदत चुकवू नये, कारण मुदतींचे नियम अधूनमधून बदलतात. तिथे दाद लागली नाही आणि प्रकरण आभासी न्यायालयात (अशी दंडाची प्रकरणे ऑनलाइन हाताळणाऱ्या व्हर्च्युअल कोर्टात) गेले, तर ई-कोर्ट्सच्या आभासी न्यायालयाच्या संकेतस्थळावर महाराष्ट्रातील संबंधित विभाग निवडून चलान, वाहन किंवा मोबाइल क्रमांकावरून प्रकरण शोधता येते. मोबाइलवर आलेला ओटीपी टाकल्यानंतर दंड भरण्याचा आणि प्रकरण लढवण्याचा असे दोन पर्याय दिसतात. लढवण्याचा पर्याय निवडला की प्रकरण त्या हद्दीतील नियमित न्यायदंडाधिकारी न्यायालयाकडे वर्ग होते.

त्यानंतर समन्स येते, आणि त्यावरील तारखेला स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहावे लागते. अशी प्रकरणे बहुधा संक्षिप्त पद्धतीने चालतात. न्यायाधीश आरोपाचा सारांश वाचून दाखवतात आणि गुन्हा कबूल आहे का, असे विचारतात. इथे अनेक जण गोंधळून ‘हो साहेब, पण…’ असे म्हणून बसतात. त्या ‘हो’ची नोंद कबुली म्हणून होऊ शकते, म्हणून गुन्हा नाकबूल असल्यास तेवढेच स्पष्ट सांगावे आणि कारणे आपली पाळी आल्यावर मांडावीत. आरोप सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षाची असते. कारवाई करणाऱ्या पोलिसाची साक्ष झाल्यास त्याची उलटतपासणी घेता येते, आणि कॅमेऱ्यातील चित्र पुरावा म्हणून आले तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारे प्रमाणपत्र सोबत आहे का, हे विचारता येते. चलान फार जुने असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ पाहावे : केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास सहा महिन्यांची मर्यादा आहे, मात्र योग्य कारण असल्यास न्यायालय विलंब माफ करू शकते.

कागदपत्रांत चलानाची छापील प्रत, समन्स, आरसी, वाहन चालवण्याचा परवाना, विमा, पीयूसी आणि ओळखपत्र लागते; वकील दिल्यास वकीलपत्र. बाकी पुरावा प्रकरणाप्रमाणे जोडावा. गाडी त्या दिवशी दुसऱ्या गावी होती तर फास्टॅगचा तपशील किंवा गॅरेजची पावती, चोरीला गेली होती तर एफआयआर, विकली होती तर नमुना २९ व ३० च्या (मालकी हस्तांतरणाच्या अर्जांच्या) प्रती आणि गाडी ताब्यात दिल्याची पावती द्यावी. मूळ कागद सोबत ठेवून न्यायालयात झेरॉक्स प्रती द्याव्यात.

लोकअदालतीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. तिथे आपण निर्दोष आहोत की नाही याचा निवाडा होत नाही, तिथे तडजोड होते. तडजोडीवर झालेल्या निवाड्याविरुद्ध अपीलही करता येत नाही. चूक झाली असेल आणि थकबाकी मिटवायची असेल तर लोकअदालत सोयीची आहे. चूक झालीच नसेल तर तिची वाट पाहत बसू नये. वकिलाचा खर्च परवडत नसल्यास जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार तिथे मोफत विधी सहाय्य मिळते, त्यांना उत्पन्नाची अट नाही.

निकाल आपल्या बाजूने लागल्यास आदेशाची प्रमाणित नक्कल त्याच वेळी मागून घ्यावी. संकेतस्थळावर चलान नंतरही प्रलंबित दिसत राहिले तर ती नक्कल वाहतूक शाखेत देऊन नोंद काढून घ्यावी लागते.