सामूहिक इंटरनेट पाळत : तांत्रिक शक्यता

संशयित आधी ठरवायचा आणि मग त्याचा फोन टॅप करायचा, ही जुनी रीत. सामूहिक पाळतीत क्रम उलटा असतो. एका वाहिनीतून जाणारी सगळ्यांचीच वाहतूक आधी टिपायची, गाळायची, साठवायची आणि संशयित त्यातून नंतर शोधायचा. सरकारला हे जमते का? टिपणे केव्हाच जमले आहे. टिपलेले वाचणे मात्र दिवसेंदिवस अवघड होत चालले आहे.

इंटरनेट हे विखुरलेले जाळे असले तरी त्यालाही जकातनाके आहेत. देशाबाहेरची वाहतूक मोजक्या समुद्री केबलांतून जाते. भारतात त्यांतल्या बऱ्याचशा मुंबई आणि चेन्नईच्या किनाऱ्याला लागतात. मुंबईत अनेक केबल वर्सोव्याला वर येतात. नाका धरला की प्रत्येक घरात शिरावे लागत नाही.

नाका कसा धरतात, याचे सर्वांत जवळून दिसलेले उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोतले. फोल्सम स्ट्रीटवर ६११ क्रमांकाच्या इमारतीत सहाव्या मजल्यावर ६४१ए ही खोली होती. एटी अँड टी कंपनीच्या नेहमीच्या तंत्रज्ञांना तिथे प्रवेश नव्हता. मार्क क्लाइन हे कंपनीचे तंत्रज्ञ. त्या खोलीकडे जाणाऱ्या जोडण्या त्यांच्या कामाचा भाग होत्या. निवृत्तीनंतर २००६ मध्ये त्यांची साक्ष आणि कागदपत्रे न्यायालयात गेली. एनएसए या अमेरिकी गुप्तचर संस्थेकडे वाहतुकीची प्रत जात होती, असे त्यांचे म्हणणे. साधन अगदी साधे होते : स्प्लिटर. फायबरमधला प्रकाश तो दोन वाटांना विभागतो. त्याला वीज लागत नाही, मूळ वाहतूक थांबत नाही. प्रकाश थोडा फिका होतो, एवढेच. ग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

साठवणुकीचा हिशेब कागदावर करता येतो. सेकंदाला १० गिगाबिट वाहून नेणारी एक वाहिनी दिवसभर भरून वाहिली तर १०८ टेराबाइट जमा होतात, आणि अशा वाहिन्या असंख्य असतात. म्हणून गाळणी लागते. एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी २०१३ मध्ये उघड केलेल्या कागदपत्रांनुसार ब्रिटनच्या जीसीएचक्यू या गुप्तचर संस्थेचा ‘टेम्पोरा’ प्रकल्प मजकूर तीन दिवस आणि मेटाडेटा तीस दिवस ठेवत असे. मेटाडेटा म्हणजे कोणी, कोणाशी, केव्हा, किती वेळ. तो फारच स्वस्त पडतो. शंभर कोटी लोकांच्या रोज वीस-वीस नोंदी, प्रत्येक शंभर बाइटची, असे धरले तरी दिवसाचे दोन टेराबाइट होतात. बाजारातली एक हार्ड डिस्क पुरते. ‘नुसता मेटाडेटाच तर घेतो’ हे सरकारी आश्वासन म्हणूनच फसवे आहे. मध्यरात्री कोणी कोणत्या डॉक्टरला तीनदा फोन केला, हे कळल्यावर बोलणे ऐकायची फारशी गरज उरत नाही.

स्नोडेन प्रकरणानंतर एन्क्रिप्शन, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर करून पाठवणे, झपाट्याने पसरले. आज केबलवर टिपलेला बहुतेक मजकूर कुलूपबंद असतो. दिसतात ते पत्ते, वेळा, आकार आणि बहुधा संकेतस्थळाचे नाव. मग सरकारे दुसऱ्या दारांनी येतात. एक दार कंपन्यांच्या सर्व्हरचे, जिथे मजकूर बऱ्याचदा कुलपाबाहेर असतो. दुसरे थेट किल्ली मागण्याचे : कझाकस्तानने जुलै २०१९ मध्ये नागरिकांना सरकारी प्रमाणपत्र ब्राउझरमध्ये बसवायला लावले, म्हणजे कुलूपबंद वाहतूक सरकारला मध्येच उघडता यावी. गूगल, मोझिला आणि ॲपल यांनी पुढच्याच महिन्यात ते अडवले.

गोळा केलेल्या ढिगातून गुन्हेगार ओळखणे ही वेगळीच अडचण. शंभर कोटींत एक हजार खरे संशयित आहेत आणि यंत्र ९९ टक्के अचूक आहे असे माना. तरीही जवळजवळ एक कोटी निरपराध माणसे यादीत येतील.

भारतात टॅपिंगचा आधार बराच काळ १८८५ चा तार कायदा होता. संगणकीय माहितीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६९ आहे. त्याखाली २० डिसेंबर २०१८ च्या आदेशाने दहा यंत्रणांना अधिकार मिळाले. सी-डॉट या सरकारी दूरसंचार संस्थेने उभारलेली केंद्रीय देखरेख प्रणाली, म्हणजे सीएमएस, कागदोपत्री नेमलेल्या लक्ष्यांपुरतीच आहे. पण तिची रचना पाहण्याजोगी आहे. पूर्वी आदेशाचा कागद दूरसंचार कंपनीच्या नोडल अधिकाऱ्यापुढे, म्हणजे अशा आदेशांसाठी नेमलेल्या माणसापुढे येई आणि टॅप तिथून सुरू होई. सीएमएसमध्ये मधला तो माणूसच काढून टाकला आहे.