पुढचे पाय कमकुवत असलेल्या कुत्र्याची व्हीलचेअर : पार्श्वभूमी

कुत्र्यांच्या व्हीलचेअरचा इतिहास बराच काळ मागच्या पायांपुरताच होता. त्याचं कारण आजारांमध्येच आहे. डाकशुंडसारख्या लांब पाठीच्या जातींमध्ये मणक्यातली चकती सरकते ती बहुतेकदा छातीचे मणके संपून कमरेचे सुरू होतात त्या भागात. तिथे मज्जारज्जूवर दाब आला की मागचे पाय लुळे पडतात, पुढचे शाबूत राहतात. जर्मन शेफर्डमध्ये उतारवयात दिसणारा मज्जारज्जूच्या झिजेचा आजारही मागूनच सुरू होतो. १९६० च्या दशकात अमेरिकेत एका पशुवैद्यकाने अशा गाड्या बनवायला घेतल्या, तेव्हा मागे दोन चाकं, मध्ये खोगीर आणि पुढे छातीचा पट्टा ही रचना रुळली. ओढणारे पुढचे पाय धडधाकट आहेत, हे त्यात गृहीत होतं.

पुढचे पाय अधू असतील तर हीच गाडी उलटी फिरवून चालत नाही. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर असतं. ३० किलोचा कुत्रा धरला तर मागच्या पायांच्या गाडीला सुमारे १२ किलो पेलायचे असतात, पुढच्या पायांच्या गाडीला १८, आणि डोकं खाली-वर होत असल्यामुळे हा भार सतत पुढे-मागे सरकतो. दुसरी अडचण हाडांची. कुत्र्याला माणसासारखं गळपट्टीचं हाड नसतं. पुढचा पाय धडाला फक्त स्नायूंनी जोडलेला असतो. त्यामुळे आधार द्यायचा तो छातीच्या तळाशी, उरोस्थीखाली. पट्टा काखेत गेला की कातडी सोलवटते आणि खांद्याची हालचाल अडते. तिसरी अडचण ब्रेकची. चालताना वेग आवरण्याचं काम मुख्यतः पुढचे पाय करतात. तिथे चाकं आली की उतारावर गाडी कुत्र्याला घेऊन पळते.

वळणंही अवघड होतात. मागच्या गाडीत कुत्रा पुढच्या पायांनी दिशा ठरवतो आणि चाकं मागून येतात. पुढच्या गाडीत चाकं आधी जातात आणि कुत्रा मागून ढकलतो, म्हणजे वळायला त्याला पार्श्वभाग बाजूला टाकावा लागतो. हे शिकायला वेळ लागतो. चाकं मागे राहिली तर मान खाली घालताच कुत्रा नाकावर पडतो, म्हणून आस (चाकं जोडणारा दांडा) खांद्याच्या पुढे नेणं किंवा टोकाला छोटी आधारचाकं बसवणं, असे दोन तोडगे निघाले.

पुढच्या पायांचं अधूपण एकाच प्रकारचं नसतं. अपघातात काखेतलं मज्जातंतूंचं जाळं तुटलं, किंवा खांद्याजवळ वा मनगटाजवळ हाडाचा कर्करोग झाला, तर बहुधा एकच पाय जातो, आणि सडपातळ कुत्री तीन पायांवर आश्चर्यकारक सहजतेने वावरतात. तिथे गाडीची घाई बहुतेकदा माणसाचीच असते. गाडीची खरी गरज असते ती जन्मतः दोन्ही पुढचे पाय नसलेल्या किंवा खुरटलेल्या पिल्लांना. यात चिवावासारखी लहानखुरी कुत्री अनेकदा दिसतात. पूर्वी अशी पिल्लं सहसा जगवली जात नसत. प्राणी-निवारे आणि त्यांच्या व्हिडिओंमुळे २००० नंतर ती लोकांसमोर आली आणि पुढच्या गाड्यांना मागणी निर्माण झाली.

त्याच दशकाच्या अखेरीस उंची-लांबी कमीजास्त करता येणाऱ्या, घडीच्या ॲल्युमिनियमच्या तयार गाड्या आल्या. मागच्या गाडीलाच पुढे दोन फिरती चाकं जोडून ती चारचाकी करायची सोय त्यांच्यात मिळू लागली. इथून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही : चारही पाय कमी-अधिक कमकुवत असलेल्या कुत्र्याला चारचाकी द्यायची की दोनचाकी?

चारचाकीच्या बाजूने बोलणारे आजाराच्या वाटचालीकडे बोट दाखवतात. मज्जारज्जूच्या झिजेशी निगडित जनुकीय बदल २००९ मध्ये सापडला आणि त्याची चाचणी करता येऊ लागली. आजार पुढच्या पायांपर्यंत पोचणार याचा अंदाज असेल, तर पुढे वाढवता येणारी गाडीच आधी घेतलेली बरी, असं ते म्हणतात. शिवाय उभं राहिल्याने श्वास, खाणं आणि शी-शू सोपी होते, हेही खरंच.

विरोधकांचा मुद्दा साधा आहे : चारही बाजूंनी उचललेला कुत्रा गाडी ढकलणार कशाने? मागचे पाय निकामी आणि पुढचेही दुबळे असतील, तर चारचाकी हे चालण्याचं साधन न राहता उभं राहण्याची चौकट होते. तेवढंच हवं असेल तर हरकत नाही, पण विकत घेणाऱ्याला ते आधी स्पष्ट सांगितलं जात नाही. पुढच्या पायांत थोडा जोर शिल्लक असेल तर आणखी एक मार्ग आहे. मागच्या दोनचाकी गाडीची आस पुढे सरकवायची. मग धड सीसॉसारखं तोललं जातं, पुढच्या पायांवरचा भार हलका होतो आणि ते जमिनीला टेकून काम करत राहतात. आस सरकवता येणाऱ्या अशा गाड्या मापावर बनवणारे कारागीर कधीपासून आहेत. तरी हा पर्याय मागे पडला, कारण फोटोत चार चाकं जास्त भक्कम दिसतात आणि तोल साधायला प्रत्यक्ष कुत्रा समोर लागतो. मापं मागवून खोकं पाठवण्याच्या धंद्यात ते बसत नाही.

उलट, मागचे पाय ठणठणीत आणि फक्त पुढचे अधू असतील तर चारचाकी जवळजवळ नेहमीच चुकीची. तिथे मागचे पाय हेच इंजिन. त्यांच्याखाली खोगीर घातलं की जोर वाया जातो. अशा कुत्र्याला निव्वळ पुढची गाडी लागते.

२०१४ मध्ये अमेरिकेतल्या एका कुत्र्याला त्रिमितीय छपाईने बनवलेले वळणदार कृत्रिम पुढचे पाय बसवले गेले. त्याआधी तो गाडी वापरत होता. तो व्हिडिओ जगभर पाहिला गेला आणि गाडीचे दिवस संपले असं काहींना वाटलं. पण कृत्रिम पायाला साधारणपणे कोपराखालचा थोडा तरी खुंट लागतो. खांद्यापासूनच पाय नसेल तर तो अडकवायचा कशाला? मग गाडीच उरते.

घरी पीव्हीसीच्या नळ्यांतून गाडी जोडणारेही या काळात वाढले. मागच्या गाडीसाठी हे जमतं, आणि वाढत्या पिल्लाला तर सोयीचंच. पुढच्या गाडीत मात्र सगळा भार सांध्यांवर येऊन नळ्या वाकतात आणि आस हवी तिथे राहत नाही.

मापांबाबत सगळ्यांचं एकमत आहे. कुत्र्याला दुसऱ्या माणसाने पाठ सरळ राहील असं उचलून धरायचं, मागचे पंजे नेहमीसारखे टेकलेले ठेवायचे, आणि मग जमिनीपासून छातीच्या तळापर्यंतची उंची व खांद्यांची रुंदी घ्यायची. वाकलेल्या कुत्र्याचं माप घेतलं तर गाडी ठेंगणी होते, कणा पुढे उतरता राहतो आणि वजन पुन्हा छातीवर येतं. पुढच्या बहुतेक गाड्यांमध्ये कुत्र्याला आडवं होता येत नाही, म्हणून सुरुवातीला काही मिनिटंच बसवायचं, आणि काढल्यावर काख व छातीखाली लालसर झालं आहे का ते पाहायचं.