‘सावधान’ आधी की अक्षता?

आत्याच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून झाली आणि मी ती पहिल्यांदा सलग पाहायला बसलो. पाऊण तास सगळं ठीक चाललं होतं. मंगलाष्टकांपाशी आलो आणि पोटात गोळा आला. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, हार गळ्यात पडले आणि त्यानंतर तब्बल तीन सेकंदांनी ‘शुभमंगल सावधान’ ऐकू आलं. त्याआधीचं एक मंगलाष्टक आजोबांनी म्हटलेलं आहे. त्यांचा आवाज आमच्याकडे फक्त या एका कॅसेटवर उरलाय. पडद्यावर आजोबा ओठ मिटून डोळे पुसत होते आणि त्यांचा सूर मात्र अजून चालूच होता.

लग्न १९९४ च्या मे महिन्यातलं, बडोद्यातल्या दांडिया बाजारातलं. कॅसेट तेव्हापासून कपाटाच्या तळाच्या खणात होती. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला तेव्हा खण रिकामा करून सगळं वर नेलं. पाणी लागलं नाही, पण पुढचे कितीतरी दिवस भिंतींना ओल होती, आणि ओल हा चुंबकीय टेपचा मोठा शत्रू. प्लॅस्टिकच्या फितीवर चुंबकीय पूड ज्या चिकट थरानं धरून ठेवलेली असते, तो थर दमट हवेतलं पाणी शोषतो, हळूहळू मऊ पडतो आणि सुटायला लागतो. त्यावर बुरशीही धरते. म्हणून कॅसेट व्हीसीआरमध्ये घालण्याआधी तिच्या खिडकीतून, उजेडाकडे धरून, रिळाची कड बघावी. निरोगी टेपची कड काळीभोर, सपाट दिसते. तिथं पांढरी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती कॅसेट लावू नये. तिच्यातली बुरशी व्हीसीआरच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर जाते आणि तिथून नंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटवर. आमच्या कॅसेटला बुरशी नव्हती, नुसता कुबट वास होता. सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात आठवडाभर ठेवली, मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घेतली. उन्हात ठेवायची नाही, केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा मारायची नाही. तापली की टेप आखडते, आणि एकदा आखडलेली टेप सरळ होत नाही.

व्हीसीआरही जपायला हवा, कारण तो आता नवा मिळत नाही. जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवलं आणि जगातलं व्हीसीआर बनवणं तिथंच संपलं. चित्रात पांढऱ्या रेघा, मुंग्या दिसत असतील तर बहुतेक वेळा हेडवर मळ असतो. प्लग काढून झाकण उघडलं की आत तिरकं बसवलेलं, आरशासारखं चकचकीत धातूचं नळकांडं दिसतं. हा ड्रम. त्याच्या कडेला दोन बारीक खाचा आहेत आणि प्रत्येक खाचेतून फेराइटचा एक कण जेमतेम डोकावतो. तेच हेड. कापसाची काडी वापरू नये, तिचे धागे हेडच्या टोकात अडकतात. मऊ चामड्याचं टोक असलेली काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवावी, ड्रमच्या अंगाला अलगद टेकवून स्थिर धरावी आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरच्या कडेनं हळूच फिरवावा. काडी वरखाली घासली तर फेराइट मोडतो, आणि हेड मोडलं की व्हीसीआर गेला. मी हे केलं तेव्हा काडीच्या टोकावर तपकिरी डाग आला. ती कोणाच्या तरी लग्नाच्या चित्रावरून खरवडून आलेली चुंबकीय पूड होती, हे लक्षात आलं आणि जीव चुटपुटला.

आता तीन सेकंदांकडे वळतो. ते समजायचे तर या ड्रमचं काम समजायला हवं.

ऑडिओ कॅसेटमध्ये हेड स्थिर असतं आणि टेप त्याच्यावरून सरकते. चित्रासाठी ते पुरत नाही, कारण चित्रात दर सेकंदाला आवाजाच्या शेकडो पट माहिती असते. तेवढी मावायची तर टेप सेकंदाला काही मीटर पळवावी लागली असती आणि तीन तासांच्या कॅसेटचं रीळ बैलगाडीच्या चाकाएवढं झालं असतं. त्यावरचा तोडगा फार सुंदर आहे: टेप सावकाश न्यायची आणि हेडच पळवायचं. १९७६ साली जेव्हीसी कंपनीनं आणलेल्या व्हीएचएसमध्ये, आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत, टेप सेकंदाला जेमतेम २३ मिलिमीटर सरकते. पण ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम सेकंदाला २५ फेरे घेतो, म्हणून टेपवरून हेड सेकंदाला सुमारे ४.८ मीटर वेगानं जातं. ड्रम तिरका असल्यामुळे प्रत्येक हेड टेपवर एक तिरकी रेघ ओढतं. रेघेची रुंदी ४९ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), केसापेक्षाही कमी. एका रेघेत अर्धं चित्र मावतं: एका हेडच्या रेघेत एकाआड एक ओळी, दुसऱ्याच्या रेघेत मधल्या उरलेल्या. अशी ५० अर्धी चित्रं मिळून सेकंदाची २५ पूर्ण चित्रं होतात.

पाल पद्धतीत चित्राची एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची (मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग) असते आणि त्यातला सुमारे ५२ मायक्रोसेकंदांचा भाग पडद्यावर दिसतो. एका मायक्रोसेकंदात हेड टेपवरून साधारण ५ मायक्रॉन पुढे जातं. म्हणजे तीस वर्षांच्या उन्हापावसानं टेप कुठं ५ मायक्रॉन ताणली गेली असेल, तर तिथली ओळ एक मायक्रोसेकंद उशिरा येणार. ४० सेंटिमीटर रुंद पडद्यावर ती पाऊण सेंटिमीटर बाजूला सरकणार. जुन्या कॅसेटमधल्या उभ्या खांबांच्या कडा पाण्यात पाहिल्यासारख्या थरथरतात आणि चित्राचा वरचा भाग झेंड्यासारखा एका बाजूला वळतो, ते यामुळेच.

टेपवरचा काळ असा रबरासारखा असतो. जुन्या नळीच्या टीव्हीला त्याचं काही वाटायचं नाही. ओळ सुरू होण्याची खूण, म्हणजे सिंक, आली की तो ओळ काढायला घ्यायचा. थोडी उशिरा आली तर थोडी उशिरा काढायचा. संगणकाचं तसं नाही. व्हीसीआरचा सिग्नल संगणकात उतरवणारा कॅप्चर डबा सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा सिग्नल मोजतो, एका ओळीचे ८६४ नमुने, त्यातले ७२० चित्राचे. त्याला खूण वेळेवर हवी असते. थोडंफार इकडंतिकडं तो सांभाळून घेतो, पण खूण मध्येच तुटली तर त्याची पकड सुटते, आणि पुन्हा बसेपर्यंतच्या फ्रेम, म्हणजे पूर्ण चित्रं, तो टाकून देतो. आवाज मात्र वेगळ्या वाटेनं येतो. त्याला सिंकची गरज नसते, तो अखंड नोंदला जातो. एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. ७५ फ्रेम गळल्या की चित्र तीन सेकंदांनी आखूड झालं आणि आवाजाच्या पुढे निघून गेलं. आमच्याकडे अक्षता आधी पडल्या त्या अशा.

पण फ्रेम गळल्या हे कशावरून? आवाज आणि चित्र जुळत नाही म्हटल्यावर लोक लगेच सॉफ्टवेअर बदलतात, मीही आधी तेच केलं. आधी दोष कुठल्या जातीचा आहे ते ओळखावं. त्यासाठी चित्र आणि आवाज एकाच क्षणी व्हायला हवेत असे प्रसंग शोधायचे. लग्नात त्यांना तोटा नाही: ताशावर पडलेली पहिली टिपरी, फोडलेला नारळ, प्रत्येक ‘सावधान’. मी असे नऊ क्षण निवडले आणि प्रत्येक ठिकाणचा फरक वहीत लिहिला. फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेवढाच असेल तर आवाज एकदा सरकवला की काम झालं. तो सावकाश, एकसारखा वाढत असेल तर चित्राचं आणि आवाजाचं घड्याळ वेगवेगळं आहे. चित्र कॅप्चर डब्यातून आणि आवाज संगणकाच्या साउंड कार्डातून घेतला की हे होतं, कारण दोन्हीकडे स्वतंत्र क्वार्ट्झ स्फटिक असतात. अशा स्फटिकाची चूक दहा हजारांत एक धरली तरी ५२ मिनिटांत सेकंदाचा तिसरा हिस्साच होतो. तीन सेकंद कुठून येणार? माझ्या वहीत फरक पायऱ्यापायऱ्यांनी वाढत होता, आणि प्रत्येक पायरी व्हिडिओवाल्यानं कॅमेरा थांबवून पुन्हा सुरू केला होता तिथंच होती. जोडावर सिंकच्या खुणेत खंड पडलेला असतो आणि पकड नेमकी तिथं सुटते.

उपाय निघाला तो मामेभावाच्या माळ्यावर. तिथं एक जुना डीव्हीडी रेकॉर्डर होता. व्हीसीआरची चित्राची पिवळी पिन आधी त्याच्या इनपुटला लावली आणि त्याच्या आउटपुटची कॅप्चर डब्याला. रेकॉर्डर आत चित्र अंकांत बदलतो, स्मृतीत साठवतो आणि स्वतःच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पाठवतो. टेपमध्ये खंड आला तर मागचंच चित्र पुन्हा देतो, त्यामुळे डब्याला अखंड सिग्नल मिळतो. व्यावसायिक स्टुडिओत याच कामाला टाइम बेस करेक्टर नावाचं महागडं यंत्र असतं. सगळेच रेकॉर्डर हे काम करत नाहीत, हा करत होता. त्यानंतर नवव्या क्षणापर्यंत फरक एका फ्रेमच्या आत राहिला.

बाकीच्या अडचणी पटकन सुटणाऱ्या आहेत. चित्र काळंपांढरं येऊन गरागरा फिरत असेल तर सॉफ्टवेअर अमेरिकेच्या एनटीएससी पद्धतीवर बसलंय, ते पालवर आणावं. आवाज एकाच बाजूनं येत असेल तर व्हीसीआर मोनो आहे, संपादन करताना तोच आवाज दोन्ही बाजूंना द्यावा. डीव्ही या डिजिटल व्हिडिओच्या प्रकारात घेताना दर वेळी २० व्या मिनिटाच्या अलीकडेपलीकडे रेकॉर्डिंग बंद पडत असेल तर व्हीसीआरला हात लावू नये. डीव्हीला सेकंदाला सुमारे ३.६ एमबी लागतात आणि पेनड्राइव्हवर किंवा जुन्या डिस्कवर फॅट३२ फाइल पद्धत असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे वाढूच शकत नाही. भागाकार केला की उत्तर २० मिनिटं येतं. डिस्क एनटीएफएसवर फॉरमॅट केली की अडथळा गेला. जागा मात्र भरपूर लागते. काहीही न दाबता चित्र घेतलं तर ७२० गुणिले ५७६ ठिपके, प्रत्येकी २ बाइट, सेकंदाला २५ वेळा, असे तासाला जवळजवळ ७५ जीबी होतात. डीव्हीला तासाला १३ लागतात, घरच्या कामाला तेवढं पुष्कळ आहे.

मग डीव्हीडी. आत्याला पेनड्राइव्ह नको होता, तिच्या टीव्हीखाली प्लेअर आहे. डीव्हीडीवर ४.७ जीबी लिहिलेलं असतं ते हजाराच्या पटीत, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं म्हणून तिथं ४.३७ च्या आसपास दिसतं. डिस्क खोटी नसते. तीन तासांचं लग्न एका डिस्कवर बसवायचं तर सेकंदाला साधारण ३.५ मेगाबिट वाट्याला येतात आणि चित्राचे चौकोन दिसायला लागतात. एमपीईजी-२ पद्धत एका फ्रेमपासून दुसरीत काय बदललं तेवढंच साठवते. जुन्या टेपवरच्या मुंग्या मात्र प्रत्येक फ्रेममध्ये नव्या असतात, आणि बिचारं सॉफ्टवेअर अर्धी ताकद त्या मुंग्या साठवण्यात घालवतं. सरळ दोन डिस्क कराव्यात. नाहीतर चित्र ३५२ गुणिले ५७६ करावं. डीव्हीडीच्या नियमांत ते बसतं, आणि व्हीएचएसवर आडव्या दिशेनं तेवढाच तपशील असल्यामुळे गमावण्यासारखं फारसं काही नसतं.

कोऱ्या डिस्कमध्ये ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांमध्ये सेंद्रिय रंगाचा थर असतो. ६५० नॅनोमीटरचा लाल लेसर लिहिताना त्यावर जोरानं पडतो, रंग तेवढ्यापुरता तापून बदलतो आणि तिथून प्रकाश कमी परततो. या खुणांची वाट गोल गोल जाते, दोन वळणांत अंतर ०.७४ मायक्रॉन. डिस्कवर १६ एक्स, म्हणजे सोळापट वेग, लिहिलेलं असलं तरी मी ८ एक्सवर लिहितो, म्हणजे खुणेच्या कडा स्वच्छ उमटतात. अगदी सावकाश लिहिणंही बरं नाही, कारण आजच्या डिस्कचे रंग वेगवान लेखनासाठी बेतलेले असतात.

पहिली डिस्क संगणकावर चालली, आत्याच्या प्लेअरवर ‘नो डिस्क’ आलं. मी ती फायनलाइज केली नव्हती. डिस्कवर काय कुठं आहे याची अनुक्रमणिका शेवटी पक्की लिहावी लागते. संगणक ती नसतानाही वाचून घेतो, साध्या प्लेअरला ती लागतेच. नुसती फाइल कॉपी केली तरी असंच होतं, प्लेअर आत व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर शोधतो. डिस्कवर कागदी लेबल चिकटवू नये. गोंद वाळताना ते ओढलं जातं, डिस्क किंचित वाकते आणि शेवटची दहा मिनिटं अडकतात.

दुसरी डिस्क लागली. तिच्यावर मी पाण्याच्या शाईच्या मार्करनं, मधल्या भोकाजवळ, बारीक अक्षरांत लिहिलंय: भाग १, आजोबांचं मंगलाष्टक ५१ व्या मिनिटाला.