दरबार इंग्रजांकडे का राहिला? ग्वाल्हेरच्या वादाची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या मराठी घरांत सत्तावन्नच्या उठावाचा विषय निघाला की भांडण शिंद्यांच्या दरबारच्या निर्णयावरून होतं: उठावात तो इंग्रजांच्या बाजूने का राहिला? प्रत्येकाचं उत्तर मात्र, इतिहास कशाने घडतो असं तो मानतो, त्यावर ठरलेलं असतं.

बखरकारांना दैव, ईश्वरी इच्छा आणि धन्याची नियत एवढं पुरे. थॉमस कार्लाइलच्या १८४०च्या लंडनमधल्या व्याख्यानांनी थोर पुरुष हेच इतिहासाचे कर्ते ठरवले. कार्ल मार्क्सच्या १८५९च्या एका जर्मन प्रस्तावनेने उत्पादनसंबंधांना, म्हणजे उत्पादनात माणसांच्या एकमेकांशी असलेल्या नात्यांना, पाया मानलं. आपल्या शाळा अजून पहिल्याच मतावर चालतात, म्हणून हा प्रश्न 'शूर की फितूर' इथेच अडकतो.

२९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार, एकाच दिवशी दोन लढाया दरबार इंग्रजांशी हरला. पुढच्या महिन्यातल्या तहाने दरबारची फौज ९,००० वर आणली आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कंटिंजंट नावाच्या वेगळ्या फौजेच्या खर्चासाठी १८ लाखांचा मुलूख तोडून घेतला. तीच कंटिंजंट १४ जून १८५७ला ग्वाल्हेरजवळच्या मुरार छावणीत इंग्रजांविरुद्ध उठली. जयाजीराव शिंदे या २२-२३ वर्षांच्या राजापुढे किती वाटा उरल्या होत्या, हे तो तह वाचल्याशिवाय कळत नाही. तो वाचायला सांगणाऱ्याला दरबारचा पाठीराखा म्हणणं अन्यायाचं आहे.

पण सगळं परिस्थितीनेच ठरवलं म्हणावं, तर १ जून १८५८ आडवा येतो. काल्पीकडून आलेले बंडवाले समोर उभे राहताच दरबारचीच बहुतेक फौज त्यांना मिळाली आणि राजाला आग्रा गाठावं लागलं. तह तोच, पगार देणारा तोच, निर्णय उलटा. या वादातला सगळ्यात मोलाचा पुरावा हाच, आणि त्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

विसाव्या शतकात वाद आणखी टोकदार झाला. इतिहासातलं स्पष्टीकरणही सर्वसाधारण नियमांत बसलं पाहिजे, असा आग्रह १९४२मध्ये मांडला गेला. विरोधकांचं म्हणणं, करणाऱ्याचा विचार आतून उभा केल्याशिवाय त्याची कृती समजत नाही. मला हे पटतं; पण दरबारची पत्रं उरली, शिपायांची फारशी नाहीत. १९८०नंतरचे काही अभ्यासक म्हणूनच सरकारी कागद उलट्या बाजूने, म्हणजे त्यांत न बोललेल्या सामान्यांचा माग काढत, वाचू लागले.

१८८६ला शिंद्यांकडून झाशी घेऊन इंग्रजांनी ग्वाल्हेरचा किल्ला परत दिला, ते निष्ठेचं इनाम होतं आणि त्यासाठीच सगळं केलं, असं आजही ठासून सांगितलं जातं. हे नंतर घडलेल्यावरून आधीचा हेतू ठरवणं झालं. जून १८५७मध्ये दिल्ली बंडवाल्यांच्या हातात होती. सप्टेंबरात ती पडेल, हे दरबारात कोणालाही ठाऊक नव्हतं.