कॉइल म्हातारी होत नाही

पिनबॉल म्हणजे काचेखालच्या उतरत्या फळीवर पोलादी चेंडू खेळवून गुण मिळवण्याचं यंत्र. त्यात खालच्या बाजूला बटणावर हलणारा, चेंडू टोलवणारा छोटा दांडा असतो, तो फ्लिपर. त्याला हलवणारी तारेची गुंडाळी म्हणजे कॉइल. जुन्या यंत्राचा फ्लिपर चेंडूला नीट टोलवत नसला, की बघणाऱ्यांपैकी कोणीतरी हमखास म्हणतं, "पन्नास वर्षांची कॉइल आहे, दमली असणार. बदलून टाका आणि बसवतच आहात तर जास्त ताकदीची बसवा." हा सल्ला इतका सर्वमान्य आहे की असं जुनं यंत्र नुकतंच घरी आणणारे बरेच हौशी लोक पहिला खर्च कॉइलवरच करतात. नवी कॉइल बसते आणि फ्लिपर तसाच मरगळलेला राहतो.

तांब्याची तार वयाने दमत नाही. कॉइल शाबूत असते, तुटलेली असते, किंवा तारेवरचं इन्शुलेशन जळून आतल्या आत शॉर्ट झालेली असते. मल्टिमीटर लावून रोध मोजला की यांतलं काय आहे ते लगेच कळतं. अनंत रोध दाखवला तर तार तुटली, ठरल्यापेक्षा बराच कमी दाखवला तर शॉर्ट. आकडा बरोबर आला, तर ती कॉइल कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तेवढीच सशक्त आहे. मग ताकद जाते कुठे? या लेखाचा बराचसा भाग मी या एकाच प्रश्नावर खर्च करणार आहे, कारण यंत्र दुरुस्त करण्याची निम्मी विद्या याच्या उत्तरात आहे.

आधी यंत्राची थोडी ओळख. स्प्रिंगच्या दट्ट्याने चेंडू उडवण्याच्या कल्पनेचं पेटंट माँटेग्यू रेडग्रेव्ह यांनी अमेरिकेत १८७१ मध्ये घेतलं. वीज आली ती १९३० च्या दशकात. फ्लिपर मात्र १९४७ चा. शिकागोच्या गॉटलिब कंपनीच्या 'हम्प्टी डम्प्टी' या यंत्रात हॅरी मॅब्स यांनी सहा फ्लिपर बसवले. तोवर चेंडू सोडणं आणि यंत्राला हलके धक्के देणं एवढंच खेळणाऱ्याच्या हातात होतं. तिथून १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत गॉटलिब, बॅली आणि विल्यम्स यांची बहुतेक यंत्रं 'इलेक्ट्रोमेकॅनिकल' होती. त्यांत एकही चिप नाही. रिले (विद्युतचुंबकाने उघडबंद होणारे स्विच), दातेरी चाकं, पत्तीचे स्विच आणि कॅम, म्हणजे उंचवट्यांच्या चकत्या, फिरवणारी एक मोटर, एवढ्यावर ती गुण मोजतात, हातचा पुढे नेतात, कोणता दिवा पेटलाय ते लक्षात ठेवतात. रिले स्वतःच्याच एका स्विचमधून स्वतःला वीज देत राहिला की झाली स्मृती. अशी रिलेंची जाळी म्हणजे तर्कशास्त्राची बीजगणितं सोडवण्याचं साधन आहे, हे अमेरिकन गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये दाखवून दिलं. पिनबॉलचे आराखडे काढणारे कारागीर रोजच्या कामात तेच करत होते.

वर्षानुवर्षं पडून राहिलेलं असं यंत्र घरी आलं, की पहिला नियम एकच: प्लग लावायचा नाही. आधी वायर बघायची. कापडी वेष्टनाची, दोनच पिनांची, अर्थिंग नसलेली वायर असेल तर ती काढून तीन पिनांची लावायची आणि अर्थिंग पत्र्याच्या सगळ्या उघड्या भागांना जोडायचं. मग फ्यूज काढून त्यांच्यावरचे आकडे वाचायचे. आधीच्या मालकाने जाड फ्यूज घातलेला, किंवा फ्यूजच्या जागी चांदीचा कागद गुंडाळलेला सापडला, तर कोणती ना कोणती कॉइल जळालेली असणार हे आधीच समजून घ्यावं. हे सगळं झाल्यावर, आणि आत सांडलेले स्क्रू, नाणी आणि उंदरांची घरटी उपसल्यावर, फ्लिपरकडे वळायचं.

फ्लिपरची कॉइल म्हणजे सोलेनॉइड: पोकळ नळीभोवती तारेची गुंडाळी आणि नळीत सरकणारा लोखंडी दट्ट्या. प्रवाह सुरू झाला की दट्ट्या आत ओढला जातो आणि जोडलेली दांडी फ्लिपर फिरवते. इथवर शाळेतलंच विज्ञान आहे. पण बटण दाबून धरलं तर फ्लिपर वरच उभा राहायला हवा, कारण चांगला खेळाडू चेंडू फ्लिपरवर झेलून थांबवतो. इथे अडचण सुरू होते. ८० ग्रॅमचा पोलादी चेंडू यंत्राच्या पार वरच्या टोकापर्यंत फेकायचा तर प्रचंड प्रवाह लागतो, आणि तेवढा प्रवाह काही सेकंद सतत वाहिला तर कॉइल जळते.

लोखंडी कपाटाच्या दाराजवळ चुंबक नेऊन पाहा. दोन बोटं अंतरावर ओढ जेमतेम जाणवते, चिकटल्यावर मात्र तो निघता निघत नाही. सोलेनॉइडचंही तसंच आहे. ओढ ही वेढ्यांची संख्या आणि प्रवाह यांच्या गुणाकाराच्या वर्गावर अवलंबून असते आणि लोखंडामधली हवेची फट वाढली की झपाट्याने घटते. म्हणजे सुरुवातीला, फट मोठी असताना, भरपूर प्रवाह हवा. दट्ट्या आतल्या थांब्यावर टेकल्यावर फट जवळपास शून्य होते आणि थोड्याशा प्रवाहावरही तो घट्ट धरून ठेवता येतो.

म्हणून फ्लिपरच्या कॉइलमध्ये एक नाही, दोन गुंडाळ्या असतात. एक जाड तारेची, कमी वेढ्यांची, कमी रोधाची. दुसरी बारीक तारेची, पुष्कळ वेढ्यांची, जास्त रोधाची. या यंत्रांत त्या बहुधा एकामागोमाग, म्हणजे एकसरीत जोडलेल्या असतात. दुसऱ्या गुंडाळीच्या दोन टोकांना एक छोटा पत्तीचा स्विच जोडलेला असतो. फ्लिपर खाली असताना तो बंद, म्हणजे जुळलेला असतो, त्यामुळे प्रवाह बारीक गुंडाळीला वळसा घालून जातो आणि सगळा जोर जाड गुंडाळीला मिळतो. फ्लिपर पूर्ण वर पोचला की त्याचीच दांडी हा स्विच उघडते. वळशाची वाट बंद होते, प्रवाहाला दोन्ही गुंडाळ्यांतून जावं लागतं आणि तो एकदम खाली येतो. यात टायमर नाही की बाहेरून कोणाचा हुकूम नाही. काम पूर्ण झाल्याची खूण काम करणारा भागच देतो. यापेक्षा नेटका उपाय मला यंत्रशास्त्रात फार थोड्या ठिकाणी दिसला आहे.

आता आकडे घालून बघू. समजा २४ व्होल्ट, जाड गुंडाळी ३ ओहम, बारीक ३७ ओहम. फटक्याच्या वेळी प्रवाह २४ भागिले ३, म्हणजे ८ अँपिअर, आणि उष्णता १९२ वॉट. स्विच उघडल्यावर एकूण रोध ४० ओहम, प्रवाह ०.६ अँपिअर, उष्णता १४.४ वॉट. स्विच काही कारणाने उघडलाच नाही, तर मुठीत मावणाऱ्या कॉइलमध्ये १९२ वॉट सतत ओतले जातात. जळलेल्या फ्लिपर कॉइलची गोष्ट बहुतेक वेळा इथेच संपते.

उलट बाजू जास्त रंजक आहे. स्विचच्या टोकांवर काजळी आणि ऑक्साइड साचून तिथे फक्त १ ओहम रोध वाढला असं धरा. एकूण ४ ओहम, प्रवाह ६ अँपिअर. ओढ प्रवाहाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणजे ती मूळच्या ५६ टक्क्यांवर आली. एका ओहमने जवळपास निम्मी ताकद खाल्ली! शिवाय त्या मळक्या टोकावरच ३६ वॉट उष्णता तयार होते, त्याने ते आणखी करपते आणि रोध आणखी वाढतो. (ही यंत्रं बहुधा एसीवर, म्हणजे दिशा बदलत राहणाऱ्या प्रवाहावर, चालतात. तिथे कॉइलचं इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातल्या बदलाला विरोध करण्याचा गुण, हेही प्रवाहाला अडवतं, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे थोडे सौम्य असतात. दिशा तीच.) या प्रवाहाला कॅबिनेटवरच्या बटणाच्या स्विचमधून आणि खेळ चालू आहे की नाही हे पाहणाऱ्या रिलेच्या स्विचमधूनही जावं लागतं. तिन्ही ठिकाणचा मळ बेरजेत धरावा लागतो.

टोकं करपतात का? दोन धातूंचे पृष्ठभाग कितीही गुळगुळीत दिसले तरी ते खरोखर टेकतात ते सूक्ष्म उंचवट्यांवर, आणि सगळा प्रवाह तेवढ्या ठिपक्यांतून दाटीवाटीने जातो. विद्युत संपर्कांचं हे शास्त्र राग्नार होल्म यांनी पक्क्या पायावर उभं केलं. त्यात कॉइलचा प्रवाह तोडायचा म्हणजे आणखी पंचाईत, कारण इंडक्टन्स प्रवाहाला एकदम थांबू देत नाही. पत्त्या दूर होत असताना व्होल्टेज उसळतं आणि ठिणगीचा पूल तयार होतो. म्हणून फ्लिपरच्या स्विचची टोकं टंगस्टनची असतात: वितळणबिंदू ३४०० अंश सेल्सिअसच्या वर. गुण मोजणाऱ्या हलक्या स्विचांना चांदी चालते, ती ९६२ अंशांना वितळते पण विजेची सर्वोत्तम वाहक आहे. टंगस्टनवर बारीक धातूची कानस चालवावी लागते. चांदीवर मात्र कानस किंवा पॉलिश पेपर कधीही नको, पातळ टोक झिजून जातं. जाडसर कोरा कागद अल्कोहोलमध्ये भिजवून दोन टोकांमध्ये धरायचा आणि ओढून काढायचा, बहुतेक वेळा एवढं पुरतं. मग पत्ती अशी वाकवायची, की बंद होताना टोकं टेकून थोडी घासतील आणि फ्लिपर वर गेल्यावर साधारण दोन मिलिमीटरची स्वच्छ फट पडेल.

दमण्याच्या समजुतीत एक अंश खरा आहे, तोही सांगायला हवा. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. बराच वेळ खेळून कॉइल ६० अंशांनी तापली, तर रोध जवळपास चोवीस टक्के वाढतो आणि फ्लिपर खरंच मंदावतो. पण निवल्यावर ती पूर्ववत होते. याला वय म्हणता येत नाही.

एसीवरच्या रिलेबद्दलही थोडं. अमेरिकेतल्या ६० हर्ट्झच्या विजेत प्रवाह सेकंदाला १२० वेळा शून्यावर येतो. तेवढ्या वेळा चुंबक सुटायला हवा, म्हणजे रिले थरथरायला हवा. तो थरथरत नाही, कारण गाभ्याच्या टोकाच्या एका भागाभोवती तांब्याचं कडं बसवलेलं असतं. बदलत्या क्षेत्रामुळे कड्यात प्रवाह प्रवर्तित होतो आणि तो तिथलं चुंबकीय क्षेत्र मागे रेंगाळवतो. त्यामुळे गाभ्याच्या दोन भागांतली क्षेत्रं एकाच क्षणी शून्य होत नाहीत, ओढ कायम राहते. रिले गुणगुणत असेल तर आधी कडं सैल झालंय का, आणि टेकणाऱ्या भागात कचरा अडकलाय का, ते बघावं.

आता एका घातक खुळाबद्दल. "गंजरोधक स्प्रे मारा, सगळं मोकळं होईल" असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पडून राहिलेल्या यंत्रात असे तेलकट स्प्रे मारणं हा गुन्हा समजावा. त्यातला ज्वलनशील द्रव लाकडी पेटीत ठिणग्या टाकणाऱ्या स्विचांवर पसरतो, आग लागू शकते. आग नाही लागली तर तेलात धूळ बसून चिकटा होतो. दट्ट्याच्या नळीत तर वंगण अजिबात घालायचं नाही. ती कोरडीच चालते. जुन्या पितळी नळ्या उष्णतेने विकृत होऊन दट्ट्या अडकवतात, त्या सहज निघाल्या तर काढून नायलॉनच्या घालाव्यात. खिट्ट्या आणि दातेरी चाकांवर कारखान्यातलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं. ते पूर्ण पुसायचं. गुणांची चाकं शून्यावर येत नाहीत, याचं कारण निम्म्याहून अधिक वेळा हेच निघतं.

दिव्यांचा हिशेबही फायद्याचा. जुने ४४ क्रमांकाचे ६.३ व्होल्टचे दिवे पाव अँपिअर खातात, ४७ क्रमांकाचे ०.१५ अँपिअर. पन्नास दिवे असतील तर ७९ वॉटचे ४७ वॉट होतात. समोरच्या रंगवलेल्या काचेच्या मागे तेवढी उष्णता कमी झाली, की तिच्या पाठीवरचा रंग पोपडे धरून सुटण्याचा धोकाही कमी होतो. त्या रंगाला ओलं फडकं लावू नये, गेलेला रंग परत येत नाही. खेळाचा पृष्ठभाग मात्र हलक्या हाताने स्वच्छ करून त्यावर कार्नोबा मेण चढवावं, आणि खरवडलेला जुना चेंडू फेकून नवा घ्यावा. खडबडीत चेंडू रंगावर पॉलिश पेपरचं काम करतो.

उतार हा विषय लोक उगाच दुर्लक्षितात. या काळातली यंत्रं साधारण ३.५ अंश उतारासाठी बनलेली, आजची ६.५ अंशांसाठी. घरंगळणाऱ्या भरीव गोळ्याला सरकणाऱ्या वस्तूच्या पाच सप्तमांश त्वरण मिळतं, कारण उरलेली ऊर्जा फिरण्यात जाते. ३.५ अंशांवर ते ०.४३ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं, ६.५ अंशांवर ०.७९. थांबलेल्या चेंडूला एक मीटर उतरायला पहिल्यात २.२ सेकंद, दुसऱ्यात १.६. खेळ वेगवान करायचा म्हणून मागचे पाय उंचावले, तर फ्लिपरला चेंडू जास्त उंच चढवावा लागतो आणि दोष पुन्हा बिचाऱ्या कॉइलवर येतो.

हा खेळ निव्वळ नशिबाचा, म्हणून जुगार, असं म्हणत न्यूयॉर्कमध्ये १९४२ साली महापौर ला ग्वार्डिया यांच्या काळात बंदी आली आणि यंत्रं हातोड्यांनी फोडली गेली. १९७६ मध्ये पिनबॉलचे निष्णात खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या सदस्यांसमोर चेंडू कोणत्या वाटेने जाईल ते आधी सांगून दट्ट्या सोडला, तो त्याच वाटेने गेला, आणि बंदी उठली. असं कौशल्य यंत्र सरळ उभं असेल तरच दिसतं. म्हणून पाय आणि उतार पक्के झाल्यावर, अगदी शेवटी, टिल्टचा ओळंबा लावायचा. गवंड्याच्या ओळंब्यासारखंच ते वजन धातूच्या कड्यात लोंबतं आणि धक्का जास्त बसला की कड्याला टेकून खेळ बंद करतं. यंत्र तसूभर हललं तरी त्याचा मध्य बदलतो. वजन बरोबर कड्याच्या मधोमध आणायचं, स्क्रू आवळायचा आणि मग काच बसवायची.